पुण्यातली भुतं खरी निघाली तर साध्या माणसाने कसं निभवायचं

समजा आजी सांगायची ते सगळं खरं निघालं. मुंजा, हडळ, चकवा, वेताळ, सगळे, आणि सगळे याच शहरात. तुम्हाला मंत्र येत नाही, अंगात काही येत नाही, कुलदैवताने स्वप्नात येऊन तलवार वगैरे दिलेली नाही, तुमच्याकडे फक्त एक ॲक्टिव्हा आणि सकाळी नऊची शिफ्ट. मी गृहीत एकच धरलंय, की ही मंडळी इथली जुनी राहणारी आणि आपण भाडेकरू. भाडेकरूने कसं वागायचं हे पुण्यात वेगळं शिकवावं लागत नाही.

स्टेप 1: फ्लॅट बघायच्या आधी झाड बघा

पिंपळ असला की मुंजा आलाच. मुंज झालेलं पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेलं पोर, म्हणजे आठ-दहा वर्षांचं, शेंडी, लंगोटी, आणि प्रचंड कंटाळलेलं. लोक त्याला राक्षस समजतात आणि तिथेच चुकतात. तो खडे मारतो, बेल वाजवून पळतो, वाळत घातलेले कपडे पाडतो कारण त्याच्याशी खेळायला कोणी नाही. पाराला लागून गाडी लावू नका, आडोसा म्हणून तिकडे उभं राहणं तर अजिबात नको, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी फांद्या तोडायचा विषय काढला तर हात वर करू नका (तसंही महापालिकेची परवानगी लागतेच). शनिवारी संध्याकाळच्या आत पारावर दोन तिळाच्या वड्या ठेवून यायचं. खडे यायचे थांबणार नाहीत, पण तुमच्या खिडकीऐवजी शेजारच्यांच्या खिडकीवर यायला लागले की समजायचं ओळख झाली.

स्टेप 2: पहिल्या हाकेला ओ देऊ नका

रात्री मागून कोणी नावाने हाक मारली तर तीन हाका होईपर्यंत गप्प. भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणतात. माणूस असेल तर तिसऱ्या वेळी शिवी घालूनच बोलावेल. लिफ्ट मागणारी बाई दिसली तर आधी पायांकडे बघा, पावलं उलटी असतील तर हडळ, गाडी न थांबवता निघायचं.

स्टेप 3: चकवा लागलाय की वन-वे आहे ते ठरवा

हे सगळ्यात अवघड, कारण पेठांमध्ये दोन्हीचा अनुभव सेम असतो. माझा हिशोब असा, की पत्र्या मारुती (नारायण पेठेतलं देऊळ) एकदा दिसला तर रस्ता बरोबर, दुसऱ्यांदा दिसला तर तुम्ही वन-वेमुळे फिरून आलात, आणि तिसऱ्यांदा दिसला, त्यात रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नाही आणि मोबाईलवरचा मॅप अजून 'चारशे मीटर' म्हणतोय, तर तो चकवा. मग गाडी बंद करायची. जोरात पळवून काही होत नाही, उलट पेट्रोल संपतं. बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचं. दुधाचे क्रेट आपटल्याचा आवाज आला की चकवा उतरला, तेव्हा उठून बघितलं तर आपलं घर समोरच्याच गल्लीत असतं.

स्टेप 4: अमावस्येला टेकडीवर फिरायला जाऊ नका

वेताळ टेकडी ही पुण्यातली सगळ्यात उंच टेकडी आणि नाव उगीच पडलेलं नाही, वर देऊळ आहे. अमावस्येच्या रात्री वेताळाची पालखी निघते, मशाली, सोबत सगळी भुतावळ. चुकून समोर आलात तर चपला काढून बाजूला उभं राहायचं, रील काढायची नाही. खाली चौकात लिंबू, नारळ, दहीभात दिसला तर तो उतारा, ओलांडायचा नाही, वळसा घालायचा.

स्टेप 5: पाण्याला मान द्या

कात्रजच्या तलावापासून पेठांतल्या हौदांपर्यंत पेशव्यांनी जमिनीखालून पाणी आणलं होतं, त्या बांधकामाचे उच्छ्वास, म्हणजे हवा जायला ठेवलेली तोंडं, अजूनही काही ठिकाणी दिसतात. आणि पाणी तिथे आसरा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सातजणी. हिरव्या बांगड्या आणि ओटी, एवढंच मागतात, घासाघीस नको.

शनिवारवाड्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. 'काका मला वाचवा' ऐकू आलं तर आत शिरू नका. नारायणराव 1773 साली गेला तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता, तो कोणाला काही करत नाही. पण त्याला काका हवाय, तुम्ही जाऊन काय करणार.

स्टेप 6: बाबापासून लांब राहा

एवढं करूनही कोणी 'तुमच्या घरात आहे, पंचवीस हजारात काढतो' म्हणत आला तर दार लावून घ्या. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सरळ पोलीस चौकीत जा. मुंजाची तक्रार तिथे घेत नाहीत, त्याच्यासाठी वड्याच. आणि त्या तिळाच्याच न्या, शेंगदाण्याच्या तो परत फेकतो.