कूलंट टेम्परेचर सेन्सर: आधी तपासणी, मग बदल

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला रांगेत अडकलेल्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढला, तर आधी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी आणि रेडिएटरचा पंखा पाहावा. मात्र सकाळी थंड इंजिन सुरू होताना कुरकुरत असेल, ॲव्हरेज घसरले असेल आणि चावी फिरवताच पंखा जोरात फिरू लागत असेल, तर कूलंटच्या तापमान सेन्सरवर संशय घ्यावा.

हा सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणाऱ्या झडपेच्या, घराला किंवा सिलिंडर हेडला बसवलेला असतो. रेडिएटरच्या वरच्या जाड होजचा माग काढत इंजिनापर्यंत गेल्यास दोन तारांचा लहान कनेक्टर सापडतो. काही जुन्या गाड्यांत काट्यासाठी एका तारेचा वेगळा सेन्सर असतो. दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

नवा सेन्सर घेण्याआधी कनेक्टर काढून आत पाहावे. ठाण्यातल्या एका पावसाळ्यानंतर माझ्या गाडीच्या पिनेवर हिरवट गंज चढला होता. तो साफ केल्यावर पंखा शांत झाला आणि खर्च वाचला. पिना स्वच्छ असतील तर सेन्सरच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावून रोध मोजावा. तापमान वाढते तसा या सेन्सरचा रोध घटतो: अनेक गाड्यांत 20 अंश सेल्सिअसला तो सुमारे 2.5 किलो-ओहम, तर 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास भरतो. इंजिन तापूनही आकडा हलत नसेल, तर सेन्सर गेला असे समजावे.

बदलण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे, कारण गरम कूलंट दाबाखाली असते आणि झाकण उघडताच उसळून भाजते. बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि सेन्सरच्या पातळीखाली जाईल इतके कूलंट स्वच्छ भांड्यात काढावे. ते गोडसर लागते आणि विषारी असते, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे मांजरे आणि कुत्री फिरतात तिथे, सांडलेला थेंबही पुसून घ्यावा.

जुना सेन्सर खोल सॉकेटने, किंवा क्लिपचा असल्यास क्लिप ओढून काढावा. नव्याला नवीच ओ-रिंग (रबरी कडी) किंवा वॉशर लावावा. आटे आधी हाताने बसवावेत आणि अखेरचा पीळ बेताने द्यावा, कारण थर्मोस्टॅटचे घर बहुधा प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे असते व जास्त जोराने तडकते.

त्यानंतर कनेक्टर आणि बॅटरीची तार पुन्हा जोडून, त्याच प्रकारचे कूलंट भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी आणि सेन्सरच्या बुडाशी ओल आहे का, हे पुन्हा पाहावे.