जेनेरिक बेस क्लास आणि टाइपनिहाय सबक्लास यांची बांधणी

मजकूर फाइलमधील नोंदी वाचणारे दोन क्लास शेजारी ठेवून पाहावेत. एक तापमानाच्या नोंदी वाचतो, दुसरा पावसाच्या. फाइल उघडणे, रिकाम्या ओळी वगळणे, बिघडलेल्या ओळीचा क्रमांक टिपणे आणि शेवटी यादी परत देणे हे सारे दोन्हीकडे अक्षरशः सारखे असते. वेगळे असते ते एका ओळीपासून ऑब्जेक्ट तयार करण्याचे काम. समान काय आणि वेगळे काय, ही रेघ कोड लिहिण्यापूर्वी कागदावर आखावी.

समान भाग वाचक<ट> या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बेस क्लासमध्ये, म्हणजे इतर क्लास ज्याच्यावरून तयार होतात अशा अपुऱ्या ठेवलेल्या पायाभूत क्लासमध्ये ठेवावा. येथे ‘ट’ ही नंतर भरायच्या टाइपची मोकळी जागा (टाइप पॅरामीटर) आहे आणि अशी जागा असलेला क्लास म्हणजे जेनेरिक क्लास. त्यातील ‘सर्ववाचा’ ही मेथड पूर्ण लिहिलेली असावी आणि तिने ‘ट’ची यादी परत द्यावी, ‘ओळउलगडा’ ही मेथड मात्र अ‍ॅब्स्ट्रॅक्ट असावी, म्हणजे नुसती जाहीर केलेली आणि सबक्लासने लिहायची, जी एक स्ट्रिंग (मजकूर) घेऊन एक ‘ट’ देईल. तापमानवाचक हा सबक्लास वाचक<तापमान> वरून तयार केला की ‘ट’ची जागा कायमची भरली जाते, वापरणाऱ्याला कास्ट (ऑब्जेक्टचा टाइप हाताने सांगणे) करावे लागत नाही आणि टाइपची गफलत कोड चालण्याआधी त्याचे भाषांतर करणारा कंपायलरच पकडतो. बेस क्लासला तारखेनुसार क्रम लावायचा असेल, तर ‘ट’वर तारीख देणाऱ्या इंटरफेसची (कोणत्या मेथड असाव्यात हे सांगणाऱ्या कराराची) अट घालावी. ‘हा तापमान आहे का?’ अशी तपासणी बेस क्लासमध्ये शिरली, तर ते काम सबक्लासचे आहे असे खुशाल समजावे.

ऑब्जेक्ट तयार करण्याचे काम सबक्लासकडे देण्याला आणखी एक कारण आहे. जावामध्ये जेनेरिक्स २००४ साली पाचव्या आवृत्तीत आले, तेव्हा जुन्या कोडशी सुसंगती राखण्यासाठी टाइप पॅरामीटर कंपाइल होताना पुसला जाईल अशी रचना केली गेली. त्यामुळे बेस क्लासमध्ये थेट नवा ‘ट’ बनवता येत नाही. सी-शार्पमध्ये टाइपची माहिती रनटाइमलाही (प्रोग्राम चालू असतानाही) टिकते, तरीही ओळीतील कोणता रकाना कोठे जातो हे ठाऊक असते ते सबक्लासलाच.

खरी अडचण येते ती सगळे वाचक एकाच यादीत ठेवताना. तापमान हा नोंद या क्लासचा सबक्लास असला, तरी वाचक<तापमान> हा वाचक<नोंद> ठरत नाही. मी स्वतः येथे कास्टची रांग लावून वेळ घालवली आहे आणि त्या कास्टमधली चूक प्रोग्राम चालू असतानाच उघड झाली. बेस क्लासच्या वर एक साधा, जेनेरिक नसलेला इंटरफेस ठेवावा आणि फाइलचे नाव किंवा बिघडलेल्या ओळींची संख्या यांसारख्या, ‘ट’चा उल्लेख नसलेल्या मेथड त्यात घ्याव्यात, यादी त्या इंटरफेसची करावी.

सबक्लासमध्ये एका मेथडपलीकडे काहीच उरत नसेल, तर माझ्या मते तो लिहूच नये. वाचक<ट> हा साधा क्लास ठेवून त्याच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडला) ओळ उलगडणारे फंक्शन द्यावे. फॅरनहाइटचे सेल्सिअस करणे किंवा अशक्य तापमान नाकारणे अशी स्वतःची जबाबदारी असेल, तेव्हा मात्र तापमानवाचक हा स्वतंत्र क्लास असलाच पाहिजे.