लाळेतले जीवाणू डीएनएवरून ओळखताय? या चुका टाळा

लाळेच्या कामाची खरी अडचण अशी की ते कधी फसल्यासारखं दिसतच नाही. एक मिलीलिटर लाळेत साधारण दहा कोटी जीवाणू असतात. नमुना कसाही घ्या, किट कुठलंही वापरा, पीसीआर (डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याची पद्धत) लागतो आणि शेवटी कोणता जीवाणू किती हे दाखवणारा रंगीत पट्ट्यांचा आलेखही निघतो. आलेख निघाला की नवी मुलं खूश होतात. मी मात्र तेव्हाच ट्यूबची नोंदवही मागवते.

मणी पूर्ण वेळ न फिरवणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त घसा कोरडा केला आहे. स्ट्रेप्टोकोकस, रोथिया, अ‍ॅक्टिनोमायसिस ही तोंडातली नेहमीची ग्रॅम-पॉझिटिव्ह मंडळी. त्यांची पेशीभित्तिका जाड असते आणि नुसत्या डिटर्जंटला दाद देत नाही. प्रीव्होटेला, निस्सेरिया यांसारखे ग्रॅम-निगेटिव्ह मात्र चटकन फुटतात. म्हणून ट्यूबमध्ये बारीक मणी घालून जोरात हलवायचं असतं, यालाच बीटिंग म्हणतात. ही पायरी आखडली तरी डीएनए मिळतो. फक्त तो ज्यांची भिंत पातळ त्यांचा जास्त मिळतो.

आमच्याकडे हिरड्यांच्या आजाराचे 24 रुग्ण आणि 24 निरोगी माणसं असा एक अभ्यास चालू होता. दोघा विद्यार्थ्यांनी काम वाटून घेतलं: एकाने निरोगी, दुसऱ्याने रुग्ण. कागदावर दहा मिनिटं बीटिंग लिहिलं होतं. दुसऱ्याचं काम होतं त्या दिवशी शेजारच्या खोलीत मीटिंग होती, मशीनचा खडखडाट नको म्हणून त्याने दोन मिनिटांत उरकलं आणि वहीत सवयीने दहा लिहिलं. निकाल आला तो देखणा. रुग्णांमध्ये स्ट्रेप्टोकोकस घटलेला, प्रीव्होटेला वाढलेला. पुस्तकातही असंच असतं, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही, पहिल्या दिवशी मलाही नाही.

खटकलं ते दुसऱ्यांदा तक्ता बघताना. स्ट्रेप्टोकोकसबरोबर रोथियाही खाली, अ‍ॅक्टिनोमायसिसही खाली. अ‍ॅक्टिनोमायसिसला ऑक्सिजनचं फारसं प्रेम नाही, रोथियाला तो चालतो. राहण्याच्या सवयी इतक्या वेगळ्या, मग एकदम सगळेच का रुसले? त्यांच्यात समान एकच गोष्ट होती, जाड भिंत. फ्रीझरमध्ये उरलेल्या लाळेतून सहा-सहा नमुने काढले, एकाच हाताने, एकाच दिवशी, पूर्ण दहा मिनिटं. बराचसा फरक विरघळला. मग बिचाऱ्याने मीटिंगची गोष्ट सांगितली. तीन महिन्यांचं विश्लेषण केराच्या टोपलीत गेलं.

दोन मिनिटांची घाई ही अर्धीच चूक होती. गट आणि हात एकाच रेषेत ठेवले, ही उरलेली अर्धी. नमुने मिसळलेले असते तर त्या आळसाने दोन्ही गट सारखेच बिघडले असते आणि खोटा फरक तरी उगवला नसता. तेव्हापासून मी चिठ्ठ्या टाकून नमुन्यांना क्रमांक देते, आणि कोण रुग्ण, कोण निरोगी हे एक्स्ट्रॅक्शन करणाऱ्याला, म्हणजे डीएनए काढणाऱ्याला, सांगत नाही. बीटिंगआधी अर्धा तास लायसोझाइम हे पेशीभित्तिका कुरतडणारं एन्झाइम घालते. स्ट्रेप्टोकोकससाठी म्युटानोलायसिन हे तसलंच दुसरं एन्झाइम त्याहून बरं, परवडलं तर. प्रत्येक बॅचमध्ये कोणते जीवाणू किती आहेत हे आधीच ठाऊक असलेली मॉक कम्युनिटी एका ट्यूबमध्ये असतेच. तिच्यातले ग्रॅम-पॉझिटिव्ह गायब झाले, तर त्या बॅचचा आलेख मी उघडतही नाही.

ब्लँक न ठेवणं

“लाळेत जीवाणू भरपूर, ब्लँक कशाला?” हे वाक्य दर वर्षी ऐकते. ब्लँक म्हणजे लाळ न घातलेली ट्यूब, बाकी सगळं तेच. किटच्या द्रावणांत स्वतःचा जीवाणू-डीएनए असतो. 2014 मध्ये बीएमसी बायॉलॉजीत आलेल्या एका शोधनिबंधात साल्मोनेलाच्या शुद्ध कल्चरची टप्प्याटप्प्याने पातळ द्रावणं करून सिक्वेन्स केली होती, म्हणजे त्यांतला डीएनए वाचला होता. द्रावण जितकं पातळ, तितका साल्मोनेला मागे आणि किटमधले पाहुणे पुढे. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम अशी मातीपाण्यातली नावं लाळेत दिसली की हुरळू नका.

दाट लाळेत याने फारसं बिघडत नाही, हे मान्य. पण तोंड कोरडं पडलेल्या रुग्णाकडून दोन थेंब मिळतात, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने चूळ भरलेल्याकडून जीवाणूच कमी येतात. म्हणजे भेसळ नेमकी एकाच गटात जास्त पडते. माझा ब्लँक पीसीआरच्या पाण्यापासून सुरू होत नाही. नमुने घेतो तिथे एक रिकामी ट्यूब उघडायची, त्यात बफर घालायचं आणि मग तिला बाकीच्यांच्या रांगेत सगळा प्रवास करू द्यायचा.

या कामात आणखी एक गंमत आहे. प्रयोग करणाऱ्याच्या तोंडातही तेच जीवाणू असतात. उघड्या ट्यूबवर गप्पा मारल्या की तुमचाच स्ट्रेप्टोकोकस ब्लँकमध्ये उतरतो. मास्क लावा, गप्प बसा. आणि ब्लँकमध्ये दिसलं ते सगळं सरसकट वजा करू नका. प्लेटवर शेजारच्या खाचेतल्या नमुन्याचा शिंतोडा ब्लँकमध्ये गेला असेल, तर तुम्ही खरा स्ट्रेप्टोकोकसच फेकून द्याल.

बाकीच्या, थोडक्यात

“थुंका” म्हटलं की लोक खाकरतात आणि ट्यूबमध्ये घशातला कफ येतो. मान खाली घालून लाळ आपोआप गळू द्यायला सांगा. च्युइंगम चघळून काढलेली लाळ वेगळी, तशीच गळलेली वेगळी. एका अभ्यासात दोन्ही नकोत. खाणं आणि दात घासणं यांनंतर निदान तासभर जाऊ द्या, वेळही सगळ्यांची सारखी ठेवा. लाळेचं माप घेताना फेस मोजू नका.

नमुना टेबलावर रात्रभर राहिला तर तो गेला. काही जीवाणू तिथेच वाढतात. लगेच बर्फावर आणि मग उणे 80 अंश सेल्सिअसला, नाहीतर सुरुवातीपासून सगळ्यांसाठी एकच संरक्षक द्रावण.

एकूण डीएनए मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्राचा आकडा बघून उड्या मारू नका. लाळेत गालाच्या पेशी आणि पांढऱ्या पेशी असतात, तो डीएनए बहुतेक माणसाचाच. जीवाणूंचा किती हे 16एस या जीवाणूंमधल्या जनुकाच्या क्यूपीसीआरने (प्रती मोजणाऱ्या पीसीआरने) मोजा. तोच आकडा पुढेही उपयोगी पडतो, कारण सिक्वेन्सिंग फक्त टक्केवारी देतं. एखाद्याचा वाटा दुप्पट दिसतो, आणि प्रत्यक्षात तो होता तेवढाच असतो, बाकीचे निम्म्याहून कमी झालेले असतात.

पीसीआरनंतर जेलवरचा बँड फिका आला म्हणून 35 सायकल्स? काइमेरा, म्हणजे दोन जीवाणूंच्या तुकड्यांचे खोटे जोड, वाढतील. टेम्प्लेट, म्हणजे पीसीआरमध्ये घालायचा डीएनए, साफ करा.

आता प्रजातींची नावं. 16एस जनुक सुमारे 1500 बेसचं, आणि आपण त्यातला व्ही3-व्ही4 हा तुकडा वाचतो तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. स्ट्रेप्टोकोकस मायटिस आणि स्ट्रेप्टोकोकस न्युमोनिए यांचं हे जनुक 99 टक्क्यांहून जास्त सारखं असतं. एका मुलीने धडधाकट माणसांच्या लाळेत न्युमोनिए सापडला म्हणून घाबरून रात्री फोन केला होता, कारण तो न्युमोनियाचा जीवाणू. सॉफ्टवेअरने यादीतलं एक नाव उचललं होतं, इतकंच. तोंडासाठी बनवलेला ईएचओएमडी हा डेटाबेस वापरा. ज्यांना अजून नाव नाही त्यांनाही त्यात क्रमांक आहेत. आणि तक्त्यात “मायटिस गट” एवढंच लिहा.

त्याने समाधान होत नसेल तर शॉटगन करा, म्हणजे एका जनुकाऐवजी नमुन्यातला सगळाच डीएनए वाचा. पण लाळेतले बहुतांश रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) माणसाचे निघतात, तेव्हा जास्त रीड्स घ्यायला पैसे राखून ठेवा. डेटा सार्वजनिक करण्याआधी ते मानवी रीड्स वगळायला विसरू नका. त्यांवरून माणूस ओळखता येतो, आणि संमतीपत्रावर त्याने सही केलेली असते ती जीवाणूंच्या अभ्यासासाठी.