कादंबरीचं प्रकरण नेमकं कुठे तोडायचं?

नायिकेला संकटात टाकायचं आणि खाली ‘क्रमशः’ लिहायचं, एवढ्यावर उत्कंठा टिकत नाही. पुढची दहा प्रकरणं शिल्लक आहेत म्हणजे नायिका जिवंत राहणारच, हे वाचकाला कळतं. तो खरा अडकतो निर्णयापाशी: दोन वाटा समोर आहेत आणि कुठलीही धरली तरी काहीतरी गमवावं लागणार.

समजा, नाशिकमधली ऑगस्टची रात्र आहे. गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग वाढवलाय. सुलभा सासऱ्यांच्या सराफ बाजारातल्या दुकानातल्या हिशेबाच्या वह्या माळ्यावर टाकायला आली आहे. शटरचं कुलूप न तोडता उघडलेलं. दुसरी किल्ली दिराकडे, आणि दीर मुंबईला गेलेला.

कच्चा शेवट असा: ‘तेवढ्यात तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात पडला.’ पुढच्या प्रकरणात तो शेजारचा दुकानदार निघतो. असला फसवा धक्का कादंबरीत एकदा खपतो. दुसऱ्यांदा वाचक तुमच्या खऱ्या धक्क्यावरही विश्वास ठेवत नाही.

आता हा बघा. गल्ल्यामागे दिराचा रेनकोट टांगलेला, अजून ठिबकणारा. सुलभाचा फोन वाजतो. ‘वहिनी, मी कसाऱ्याला अडकलोय. तुम्ही दुकानाकडे जाऊ नका.’ इथेच तोडा. तो खोटं बोलतोय हे तिला कळलंय आणि वाचकालाही. ती आता त्याला विचारणार की गप्प राहणार, एवढंच शिल्लक आहे.

ही जागा पहिल्या खर्ड्यात सहसा सापडत नाही. आधी प्रसंग शेवटपर्यंत लिहून काढा, मग खालून वर येत जिथे प्रश्न पूर्ण उभा राहतो आणि उत्तर सुरू झालेलं नसतं, तिथे रेघ मारा. बहुतेक वेळा ती रेघ शेवटाच्या चार-सहा ओळी आधी पडते. उरलेल्या ओळी फेकू नका, पुढच्या प्रकरणाची सुरुवात तयार मिळाली. शेवटचं वाक्य आठ-दहा शब्दांत बसवा. ‘आता काय होणार होतं?’ किंवा ‘तिला कल्पनाही नव्हती की...’ असली ओळ असेल तर काढा. ती लेखकाची ढवळाढवळ आहे.

धोक्याचं माप मात्र आधीच देऊन ठेवावं लागतं. पुराचं पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला की छातीला, यावर नाशिककराला सगळं समजतं. नागपूरच्या वाचकाला नाही. म्हणून दोन-तीन पानं आधी सहज सांगून टाका, की मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की सासरे वह्या वर टाकायला लावत. मग ऐन वेळी ‘छातीला लागलं’ एवढं पुरतं. तिथेच समजावत बसलात तर वेग गेला.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे माहिती दडवणं. कथा सुलभाच्या नजरेतून चालली आहे, तिने चिठ्ठी वाचली, चेहरा पांढरा पडला, आणि वाचकाला मजकूर सांगितलाच नाही. ही फसवणूक आहे. एकतर चिठ्ठी उघडण्याआधी थांबा, नाहीतर मजकूर सांगून टाका आणि परिणाम राखून ठेवा. दुसरा पर्याय जवळजवळ नेहमीच सरस.

जिवावरचा प्रसंग असेल तर पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या दोन-तीनशे शब्दांत उत्तर द्या. मोठं रहस्य लांबवता येतं, पण दर प्रकरणात त्याचा एखादा तुकडा हाती लागू द्या. मध्ये दुसऱ्या पात्राकडे वळायचं असेल तर एकच प्रकरण. दोन झाली की वाचक पानं उलटून पुढे जातो. बारा प्रकरणांत असे जोरदार शेवट चार-पाच पुरेत. बाकी ठिकाणी एखादी अर्धवट राहिलेली गोष्ट, न लागलेला फोनसुद्धा, चालतो.

साप्ताहिक पुरवणीसाठी क्रमशः लिहीत असाल तर आठवड्याचा खंड धरा. मागची आठवण वेगळ्या परिच्छेदात देऊ नका. पहिल्याच वाक्यात सुलभाचा हात त्या ओल्या रेनकोटावर ठेवा.