वॉर्डात इन्फेक्शन पसरलंय असं कानावर आलं तर

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला भाचीच्या नवऱ्याचा फोन आला. "मावशी, बाळ काचेच्या पेटीत आहे आणि बाहेर सगळे म्हणतायत आत इन्फेक्शन पसरलंय. 3 बाळं गेली म्हणे. उचलून दुसरीकडे नेऊ का?" मी 31 वर्षं नर्सिंग केलं, त्यातली शेवटची 9 वर्षं इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर म्हणून. त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवते. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हे आतून कुणी सांगत नाही, आणि बाहेरून जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं त्याच्या मुळावर येणारं असतं.

आधी वही उघडा. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण आजच लिहा. पेशंट कुठल्या तारखेला, किती वाजता भरती झाला. कुठली खाट, मधे बदलली का. ताप पहिल्यांदा कधी आला. सलाईन कधी लावली, सुईची जागा कितीदा बदलली. एक्स-रे, सोनोग्राफी, डायलिसिस, ऑपरेशन यांसाठी कुठे नेलं आणि तिथे किती वेळ थांबावं लागलं. शेजारच्या खाटेवर कोण होतं. आज वाटतं हे सगळं लक्षात राहील. चौथ्या दिवशी यातलं काही आठवत नाही, आणि घरातलं माणूस गेलं तर त्याआधीचा आठवडाच पुसला जातो. हे मी शेकडो नातेवाइकांच्या बाबतीत पाहिलंय.

या वहीचा उपयोग असा. चौकशीला येणारे लोक सगळ्यात आधी एक मोठा तक्ता करतात. एका आजारी माणसाची एक ओळ: कोण, कुठे, कधी. आम्ही त्याला लाईन लिस्ट म्हणतो. ओळी एकाखाली एक लागल्या की काहीतरी दिसायला लागतं. 2018 च्या मे महिन्यात केरळात कोझिकोडला निपा, म्हणजे वटवाघळांतून माणसात येणारा विषाणू, आला तेव्हाचं उदाहरण घ्या. पुढे झालेल्या अभ्यासात एकूण 23 रुग्ण मोजले गेले, त्यातले 18 प्रयोगशाळेत पक्के झालेले. पहिला रुग्ण सोडला तर बाकीच्यांना आजार माणसाकडून, दवाखान्यांच्या आवारात लागला होता. त्या पहिल्या रुग्णाला मेडिकल कॉलेजात सीटी स्कॅनला नेलं होतं, आणि बाहेरच्या बोळात आपापल्या नंबरची वाट बघत असलेल्या लोकांपैकी काही जण पुढे आजारी पडले. विषाणूचं नाव मणिपालच्या प्रयोगशाळेनं शोधलं, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं (एनआयव्ही) त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण तो बोळ सापडला तो माणसांना विचारून. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, किती वाजता होतात, असं एकेकाला विचारून. तुमच्या वहीतली एक ओळ तेवढ्याच मोलाची असू शकते.

आता डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. घोळक्यानं जाऊ नका. घरातलं एकच माणूस ठरवा, रोज त्यानंच बोलायचं, शक्यतो सकाळच्या राउंडनंतर. आमच्या पेशंटचं ब्लड कल्चर पाठवलंय का, कधी पाठवलं? अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलं की नंतर? कुठला जंतू वाढला? तोच जंतू आणखी किती जणांत सापडलाय? नवीन पेशंट घेणं थांबवलंय का? आजारी आणि बरे असलेले वेगळे ठेवलेत का, आणि त्यांना बघणाऱ्या सिस्टर वेगळ्या आहेत का? हा शेवटचा प्रश्न विचारणारा नातेवाईक मला 9 वर्षांत दोनदाच भेटला. दोन्ही वेळा त्याच दिवशी ड्युटी बदलल्या.

एक लक्षात घ्या. कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं. त्याला साधारण 1 ते 2 दिवस लागतात आणि त्यावर कुठलं औषध चालतं हे कळायला आणखी एखादा दिवस. पहिल्या दिवशी डॉक्टर "अजून रिपोर्ट नाही" म्हणाले तर ते लपवताहेत असं नाही. पाचव्या दिवशीही तेच म्हणाले तर मात्र लॅबच्या पावतीचा नंबर मागा.

"आधी सगळं धुऊन काढा, औषध फवारा" अशी मागणी पहिल्या तासात करू नका. ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगते. एका जिल्ह्याच्या गावचा नवजात बाळांचा विभाग, आठवडाभरात 5 बाळांच्या रक्तात क्लेबसिएला नावाचा एकच जंतू. बाहेर गर्दी, स्थानिक पेपरचा माणूस गेटवर, आत सगळ्यांचे हातपाय गळालेले. वरून निरोप आला की सकाळी साहेब यायच्या आत विभाग चकचकीत दिसला पाहिजे. रात्री 2 वाजता फिनेलनं फरशी धुतली, फवारणी केली, ट्रॉलीवरच्या उघड्या बाटल्या सगळ्या टाकून दिल्या. सकाळी मी स्वॅब घ्यायला पोचले तेव्हा घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सिंकच्या कडेपासून ट्रॉलीच्या दांड्यापर्यंत सगळे स्वॅब स्वच्छ आले. जंतू कुठून आला हे शोधायला त्यामुळे आणखी 11 दिवस गेले, आणि त्या 11 दिवसांत आणखी 2 बाळं तापली.

तो सापडला कसा तेही सांगते. चौथ्या बाळाच्या खाटेमागे सलाईनच्या स्टँडला 500 मिलीची एक बाटली टांगलेली होती. ती कुठल्याच बाळाला लावलेली नव्हती. तिच्या रबरी बुचात एक सुई तशीच टोचून ठेवलेली, वर कापसाचा बोळा. औषधं पातळ करायला लागेल तसं त्यातून 2 मिली, 5 मिली काढायचं, एका बाळासाठी, मग दुसऱ्या. दिवसभर तीच बाटली. रात्रीच्या साफसफाईत जुनी गेली होती, सकाळी त्याच जागी नवी टांगली गेली होती, त्याच सवयीनं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. 20 बाळांना 2 सिस्टर होत्या आणि छोट्या अँप्यूलचा, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या बाटल्यांचा, पुरवठा दीड महिना बंद होता. अखेर एका संध्याकाळी तिथल्या बाटलीतलं पाणी लॅबला पाठवलं, त्यात तोच क्लेबसिएला वाढला.

तेव्हा मागणी अशी करा: आधी नमुने घ्या, उघड्या बाटल्या आणि सलाईनचे सेट बाजूला काढून लेबल लावून ठेवा, मग धुवा. बाहेरच्या मेडिकलमधून तुम्ही स्वतः आणलेल्या औषधांची बिलं, खोकी, रिकाम्या बाटल्या टाकू नका. लेबलवरच्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. दर वेळी जंतूच असतो असंही नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले ते ग्लिसरॉलमुळे. औषधी म्हणून आलेल्या त्या मालात डायथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, रुग्णांच्या किडन्या बंद पडल्या. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. असा माल पकडायचा तर बाटली हाताशी असावी लागते.

त्या 5 बाळांच्या वेळची दुसरी गोष्ट मला अजून झोपू देत नाही. लोकांना नाव हवं होतं, आणि दवाखान्यानंही एक नाव पुढे केलं. विभागात झाडलोट करणाऱ्या मावशींचं. सगळ्या स्टाफच्या नाकाचे स्वॅब घेतले होते, मावशींच्या नाकात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निघाला. पेपरात आलं, "कर्मचारी महिलेमुळे बालकांना संसर्ग". धडधाकट माणसांतल्या जवळपास तिघांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. आणि बाळांच्या रक्तात तर क्लेबसिएला होता, तो जंतूच वेगळा. पण मावशींच्या घरासमोर माणसं जमली, त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न लांबलं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: कुणी नाव सांगितलं की एकच प्रश्न विचारा, "पेशंटमध्ये जो जंतू निघाला तोच या माणसात निघाला का, आणि ते लॅबच्या कागदावर आहे का?" नसेल तर ते नाव पुढे पाठवू नका. कोझिकोडच्या साथीत पेरांब्र्याच्या तालुका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर लिनी पुथुसेरी 21 मे 2018 ला गेल्या. त्याच दवाखान्यातल्या नर्सना बसमध्ये, रिक्षात लोक बसू देईनात. साथीत पहिला धोका ज्यांना असतो त्यांनाच गाव टाकतं.

दगड तर उचलूच नका. दवाखान्यावर हल्ला केला तर महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याप्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे, ते एक झालं. त्याहून मोठं नुकसान वेगळं असतं. ज्या रात्री काचा फुटतात त्या रात्रीपासून आतलं कुणी खरं बोलत नाही. ज्या सिस्टरनं मला "ती बाटली बघा" असं हळूच सांगितलं, ती दगड पडल्यावर बोलली नसती.

पेशंटला हलवायचं का? घाई करू नका. व्हेंटिलेटरवरचं किंवा कमी वजनाचं बाळ अँब्युलन्समध्ये घालणं हाच मोठा धोका असू शकतो. हलवायचंच ठरलं तर नव्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की तिथे असा असा जंतू सापडलाय, आणि कल्चरचा रिपोर्ट हातात द्या. न सांगता नेलंत तर तुमच्याबरोबर जंतूही जाईल, आणि तिथल्या शेजारच्या खाटेवरचं बाळ कुणाचं तरी असेलच.

भेटायला जाणं कमी करा. 2001 मध्ये सिलिगुडीत जी साथ आली, जी निपा होती हे जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून 2006 मध्ये जाहीर झालं, त्यातले 75 टक्के रुग्ण दवाखान्यातले कर्मचारी किंवा भेटायला आलेले लोक होते. एका वेळी एकच माणूस जा. आत जाताना आणि बाहेर येताना हात: हँडरब (सॅनिटायझर) असेल तर 20 ते 30 सेकंद, साबणपाणी असेल तर 40 ते 60. अंगठा आणि नखांच्या कडा विसरू नका, बहुतेकांचं तिथेच चुकतं. खाटेवर बसू नका, पर्स आणि डबा खाटेवर ठेवू नका. डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुता पेशंटकडे आल्या तर "हात धुता का जरा" असं म्हणा. मला म्हटलेलं आहे, मी धुतले आहेत, आणि मला राग आला नव्हता.

बातम्या वाचताना आकड्यासोबत दुसरा आकडा शोधा. "महिन्यात 9 बाळं दगावली" हे वाचून छाती दडपते. पण त्या विभागात एरवी महिन्याला किती जातात, किती भरती होतात, हे कळल्याशिवाय ती साथ आहे की नेहमीचंच दुःख, हे सांगता येत नाही. आणि "सापडलं नाही" म्हणजे "नाही" असं धरू नका. कोझिकोडला सुरुवातीला पकडलेल्या वटवाघळांचे नमुने निगेटिव्ह आले, तेव्हा वटवाघळांचा संबंध नाही अशा बातम्या झाल्या. ती किडे खाणारी वटवाघळं होती. पुढे फळं खाणारी पकडून तपासली तेव्हा 52 पैकी 10 मध्ये निपा निघाला.

कागद मागायला लाजू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे अर्ज दिल्यापासून 72 तासांत केसपेपरची प्रत द्यावी लागते. खाजगी दवाखान्याची तक्रार महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. सरकारी असेल तर चौकशी अहवालासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. माणूस गेला असेल आणि तुम्हाला शंका असेल, तर शवविच्छेदन करायला सांगा. हे लिहिताना माझा हात थांबतो, कारण त्या क्षणी कुणालाही ते नको असतं, लहान बाळाच्या बाबतीत तर विचारूच नये असं वाटतं. पण अंत्यविधीनंतर हा रस्ता जवळपास बंदच होतो. घरातल्या मोठ्या माणसानं बाजूला बसून, शांतपणे एकदा विचारावं. नको म्हणाले तर पुन्हा विचारू नये.

समिती नेमली की गर्दी पांगते आणि पेपरातला विषय बदलतो. तुम्ही मात्र दोन गोष्टी विचारा: समितीत सूक्ष्मजीवतज्ज्ञ आहे का, आणि अहवालाची तारीख काय. मग 3 महिन्यांनी पुन्हा त्या दवाखान्यात जा. कोण निलंबित झालं हे विचारू नका. त्या विभागात आता एका सिस्टरकडे किती पेशंट आहेत, हँडरबची बाटली प्रत्येक खाटेला आहे का, औषध पातळ करायला काय वापरतात, हे विचारा. आमच्या त्या विभागात 10 मिलीच्या अँप्यूल आल्या, एका बाळाला एक. उरलेलं पाणी तिथल्या तिथे टाकायचं. त्या 5 बाळांपैकी एकाची आजी दर महिन्याला येऊन, दारात चपला काढून, ट्रॉलीकडे बोट दाखवून विचारायची, "त्या छोट्या बाटल्या संपल्या तर नाहीत ना?" एका महिन्यात संपत आल्या होत्या. तिनं विचारलं म्हणून मी त्याच दिवशी स्टोअरला इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, पाठवला.