विज्ञानाच्या स्वरूपाविषयीची स्वतःची समज कशी तपासावी

विज्ञानाच्या शिक्षकाचा विषय पक्का असला, तरी विज्ञानातले ज्ञान कसे घडते याविषयीची त्याची समज तितकीच पक्की असेल असे नाही. ती तपासण्यासाठी पाठ्यपुस्तक न उघडता एक प्रश्न उदाहरणासह लिहून सोडवावा: नियम आणि सिद्धांत यांत फरक काय? विज्ञानशिक्षणाचे संशोधक नॉर्मन लेडरमन व सहकाऱ्यांच्या मुक्तोत्तरी प्रश्नावलीतही (जिच्यात पर्याय न देता उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते) हा प्रश्न आहे. उदाहरणाची अट सोडू नये, कारण पाठ केलेली व्याख्या तेथेच अडखळते.

‘भरपूर पुरावा मिळाला की सिद्धांताचा नियम होतो’ असे उत्तर आले, तर ते चुकीचे आहे. तापमान कायम असताना वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध बॉइलचा नियम सांगतो. तो संबंध तसा का, हे वायूंचा गतिज सिद्धांत सांगतो. दोघांची कामे वेगळी आहेत आणि एकाला बढती मिळून दुसरा तयार होत नाही.

यानंतर दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठाला जोडून एक प्रकरण अभ्यासावे. युरेनसची गती न्यूटनच्या नियमाशी जुळेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी नियम टाकून न देता एका अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले आणि 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ गाले यांना नेपच्यून त्या स्थानापासून एक अंशाच्या आत सापडला. 1859 मध्ये बुधाच्या कक्षेतील तफावतीसाठीही त्यांनी सूर्याजवळच्या अज्ञात वस्तुमानाची कल्पना मांडली, परंतु ‘व्हल्कन’ म्हणून शोधला गेलेला ग्रह कधीच मिळाला नाही. शतकाला सुमारे 43 कोनीय सेकंदांची ती तफावत 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने उलगडली.

येथे पुढची हकिकत झाकून स्वतःला विचारावे की 1859 मधील खगोलशास्त्रज्ञाने काय करायला हवे होते. ‘निरीक्षण जुळले नाही की सिद्धांत रद्द’ हे उत्तर देणाऱ्याने तोच निकष युरेनसला लावून पाहावा. नेपच्यून सापडलाच नसता. मात्र यावरून विज्ञान म्हणजे केवळ मतांचा खेळ, असे दुसरे टोकही गाठू नये, कारण व्हल्कनची कल्पना अखेर वेधांच्या कसोटीवरच टिकली नाही.

वर्गात ही चर्चा उघडपणे घडवावी लागते. प्रयोग केले की विज्ञानाचे स्वरूप आपोआप उमगेल, ही अपेक्षा फोल ठरते. विद्यार्थ्यांना या प्रकरणातील प्रत्येक विधानापुढे ‘निरीक्षण’ की ‘अनुमान’ असे लिहायला सांगावे आणि मतभेद होतील त्या विधानांना सर्वाधिक वेळ द्यावा.