मावसभाऊ की चुलतभाऊ? घरातल्या न्यूमोनियाची वही कशी बनवायची

२०२१ च्या एप्रिलमधे आमच्या घरात कोविड आला आणि असं झालं की ७८ वर्षाचे मोठे काका, बीपीच्या गोळ्या चालू, तीन दिवस खोकलले आणि चौथ्या दिवशी चहा मागून राहिले होते. आणि ३४ वर्षाचा मावसभाऊ, ज्याला कधी सर्दीसुद्धा झाल्याचं आठवत नाही, तो १९ दिवस व्हेंटिलेटरवर. तेव्हापासून मी एकच प्रश्न घेऊन बसलो होतो, याला काहून अन् त्यांना काहून नाही. लोक म्हणतात नशीब. नशीब आहेच, पण थोडं रक्तातलंही आहे, आणि ते शोधायला महागड्या डीएनए किटची गरज नाही, आधी एक दोनशे पानी वही आणि घरातल्या दोन म्हाताऱ्या बाया पुरतात. वहीत घराची वंशावळ काढायची आणि कोणाकोणाला न्यूमोनिया जड गेला ते लिहायचं.

आधी आत काय होतं ते थोडक्यात, कारण ते माहीत नसलं तर वहीत काय लिहायचं तेच समजत नाही. व्हायरस फुफ्फुसात शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात, १९५७ मधे शोध लागला याचा, म्हणजे आजूबाजूच्या पेशींना दिलेली आवई समजा की चोर घुसला, दारं लावा. ही आवई पहिल्या दोनचार दिवसात उठली तर खेळ सोपा. उशिरा उठली तर तोवर व्हायरस भरपूर वाढलेला असतो, मग बाकीची फौज एकदम धावून येते आणि चोराला पकडायच्या नादात घरच जाळते. म्हणून कोविडमधे आठव्या-नवव्या दिवशी लोक एकदम खालावत होते. आणि म्हणूनच स्टेरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला जीव वाचवायला कामी आलं पण ऑक्सिजन न लागणाऱ्याला त्याचा फायदा दिसला नाही, आपल्याकडे मात्र दुसऱ्याच दिवशी मेडिकलवाल्याकडून आणून खाल्लं लोकांनी.

आता जीन्स. दोन प्रकार आहेत आणि यांची गल्लत करू नका. एक म्हणजे लहान लहान फरक, जे खूप लोकांत असतात आणि धोका थोडासाच हलवतात. क्रोमोसोम (गुणसूत्र) ३ वरचा, गंभीर कोविडचा धोका वाढवणारा एक तुकडा, जो स्वांते पाबो आणि ह्यूगो झेबर्ग या शास्त्रज्ञांनी २०२० मधे दाखवला की निअँडरथल या हजारो वर्षांपूर्वी संपलेल्या मानवजातीकडून आलेला आहे, तो दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांकडे आहे आणि युरोपात १६ टक्क्यांकडे. म्हणजे किटचा रिपोर्ट तुम्हाला सांगेल की तुमच्यात तो आहे, तर नागपूरच्या बर्डीवर, बाजारात, उभे राहून बघा, समोरून येणाऱ्या दर दुसऱ्या माणसात असू शकतो. त्यावरून झोप उडवायची गरज नाही. आणि गंमत म्हणजे त्याच निअँडरथलांनी क्रोमोसोम १२ वर ओएएस१ चा एक चांगला तुकडाही देऊन ठेवलाय, जो गंभीर कोविडचा धोका अंदाजे २२ टक्के कमी करतो. एका हाताने दिलं एका हाताने घेतलं. या सगळ्यापेक्षा वय आणि साखर कितीतरी भारी पडतात.

दुसरा प्रकार दुर्मिळ, पण तो सापडला तर गोष्ट बदलते. एकच जीन बिघडलेला, आवईच उठत नाही. २०२० मधे नेदरलँड्समधे दोन घरांतले चार तरुण, सख्ख्या भावांच्या दोन जोड्या, कोविडने आयसीयूत गेले, एक गेलाच. चौघांतही टीएलआर७ नावाचा जीन बिघडलेला निघाला, जो व्हायरस ओळखून इंटरफेरॉन सुरू करायला लावतो. नंतर मोठ्या तपासात ६० च्या खालच्या अतिगंभीर पुरुषांपैकी साधारण १.८ टक्क्यांत हाच दोष दिसला. फ्लूचंही तसंच, २०१५ मधे फ्रान्समधल्या एका लहान मुलीला साध्या फ्लूने जीवघेणा न्यूमोनिया झाला तेव्हा आयआरएफ७ जीनच्या दोन्ही प्रती खराब निघाल्या होत्या.

वही या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. आणि इथे आपली मराठी कामाला येते बरं का. दवाखान्याच्या फॉर्मवर 'कझिन' लिहिलेलं असतं, त्याचा काडीचा उपयोग नाही. टीएलआर७ एक्स क्रोमोसोमवर असतो, पोराला एक्स फक्त आईकडून मिळतो, म्हणजे एखाद्या पोराला हा त्रास असेल तर बघायचं कोणाकडे, सख्खा भाऊ, मामा आणि मावसभाऊ. चुलतभाऊ नाही, आतेभाऊ नाही, आणि मामेभाऊसुद्धा नाही, कारण त्याचा एक्स मामीकडून आलेला. एका शब्दात सगळं कळतं.

तर मधोमध आजारी माणूस काढा, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला आजार जड गेला तो पेनाने काळा करा, जो गेला त्यावर तिरपी रेघ. तीन पिढ्या पुरे. नवरा-बायकोमधे एक रेघ, पण मामाच्या पोरीशी किंवा आत्याच्या पोराशी लग्न झालं असेल तर दोन रेघा मारा, आणि हे लाजून लपवू नका, आपल्याकडे अशी लग्नं घराघरात आहेत. आयआरएफ७ सारखा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते, डॉक्टर सगळ्यात आधी त्या दोन रेघाच शोधतात.

माहिती काढताना तारीख विचारू नका. मी नागपूरच्या महाल भागात आजीच्या घरी आई आणि मावशीला बसवून विचारलं की मामा कोणत्या महिन्यात गेला, दोघी गप्प. मग विचारलं मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक) आधी की नंतर, तर लगेच भांडण सुरू, मावशी म्हणे पिवळी मारबत निघाली तेव्हा तो गॅलरीत उभा राहून खोकलत होता, आई म्हणे तो आदल्या वर्षी. शेवटी फाइल सापडली, २०१५, वय ४४, स्वाइन फ्लू पॉझिटिव्ह, पोळ्यानंतर पाचव्या दिवशी भरती.

प्रत्येक काळ्या खुणेशेजारी लिहायचं, वय, कोणता व्हायरस (माहीत असेल तर), ऑक्सिजन लागला की व्हेंटिलेटर, आणि तेव्हाचं वजन अन् साखर. हा शेवटचा कॉलम मी विसरलो होतो. धंतोलीत एका डॉक्टरकडे वही नेली, मोठ्या ऐटीत दाखवली, मामा आणि मावसभाऊ, आईकडचे दोन पुरुष, दोघं तरुण. त्यांनी शांतपणे विचारलं, भाऊ, तुझ्या मावसभावाची भरतीच्या दिवशी साखर किती होती? घरी येऊन डिस्चार्ज कार्ड काढलं. ३८०. वजन ११२ किलो. त्याला डायबिटीस आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे माझी अर्धी थिअरी तिथेच पडली.

तरी त्यांनी वही बाजूला सारली नाही. म्हणाले ५० च्या आत, साखर-वजन-दमा काही नसताना आयसीयू, किंवा एकाच माणसाला दोनदा असा न्यूमोनिया, किंवा एकाच ओळीत दोनतीन जण, यातलं काही असेल तर इम्युनिटीची तपासणी. त्यात आधी साधं सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातल्या अँटिबॉडी किती ते), ते बघून मग गरज असेल तरच जीनची. मुंबईत परळला आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, जन्मजात इम्युनिटीच्या दोषांवर तिथे काम चालतं. म्हाताऱ्यांबद्दल एक सांगितलं ते नवीन होतं, की कधी जीन ठीक असतो पण शरीर स्वतःच इंटरफेरॉनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, अतिगंभीर कोविडच्या किमान १० टक्के पेशंटमधे त्या सापडल्या आणि वयाबरोबर त्या वाढतात. म्हणजे सगळंच वंशावळीत दिसेल असं नाही.

विदर्भातल्या लोकांनी अजून एक खूण करायची, सिकल सेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा वंशातून येणारा आजार. 'एसएस' वाल्याला (दोष आई-बाप दोघांकडून आलेला) व्हायरसचा न्यूमोनिया झाला की छातीचा क्रायसिस होऊ शकतो, श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर घरी थांबायचं नाही. 'एएस' वाल्याचं (दोष एकाकडूनच आलेला) तसं नसतं, पण लग्न जमवताना त्याने सांगायला पाहिजे, तो विषय वेगळा.

वही झाली की तिचा वापर करा. काळ्या खुणांच्या ओळीतल्या लोकांनी दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस, ताप-खोकला आला की ऑक्सिमीटर (सेल तपासून, आमचा ऐन वेळी बंद निघाला होता), ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की सरळ दवाखाना, आणि फ्लू असेल तर ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासात सुरू होणं महत्त्वाचं, म्हणून डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशीच जायचं, पाचव्या नाही. लहान बाळाच्या बाबतीत शंका असेल तर लसीच्या आधी डॉक्टरला वही दाखवा, कारण काही दोषांत जिवंत लस (कमजोर केलेल्या जिवंत जंतूची) त्रास देते, पण स्वतःच्या मनाने लस बंद करू नका राजेहो.

आणि लहानपणी गेलेली पोरं विचाराच. लोक ती मोजत नाहीत. वही डॉक्टरला दाखवून झाल्यावर आठवड्याने मावशीचा फोन आला, म्हणे अरे तुला एक सांगायचं राहिलं, मामाच्या आधी आमच्या आईला, तुझ्या आजीला, एक बाळ होतं, आठ महिन्याचं, डबा (बाळाचा न्यूमोनिया) होऊन गेलं, मुलगाच होता. मी विचारलं आधी काहून नाही सांगितलं, तर म्हणे तू मोठ्या माणसांचं विचारून राहिला होता ना.

आता मामाच्या शेजारी अजून एक चौकोन आहे, काळा, तिरपी रेघ मारलेला. धंतोलीची पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट आहे, मावसभावाला सोबत घेऊन.